‘विंडोज टाकून द्या’ : बारामती-इंदापुरातल्या लिनक्सचा मागोवा

बारामती-इंदापूर पट्ट्यात लिनक्सचं कौतुक सांगत फिरणाऱ्याची पहिली पंचाईत अशी व्हायची, की ‘हे फुकट आहे’ या वाक्याला इथं कुणी दाद देत नसे. फुकट काय नव्हतं? 2003-04 च्या सुमारास दुकानातून असेंबल्ड कॉम्प्युटर जोडून घेतला की त्यात विंडोज एक्सपी, ऑफिस, पेजमेकर, फोटोशॉप आणि वर हिंदी-मराठी गाण्यांची दोन-तीन फोल्डरं असं सगळं भरूनच यायचं. बिलात त्यातल्या कशाचाच उल्लेख नसे. परवाना म्हटलं की लोकांना गाडीचा आठवायचा, फार तर बंदुकीचा. सॉफ्टवेअरचाही असतो हे ऐकून हसू यायचं. त्यामुळं युरोप-अमेरिकेत लिनक्सच्या बाजूनं जो पहिला मुद्दा मांडला जाई, तो इथं मांडायच्या आधीच बाद होता. तरीही गेल्या वीस-बावीस वर्षांत लिनक्स या दोन तालुक्यांत आलं, काही ठिकाणी टिकलं आणि बऱ्याच ठिकाणांहून निघून गेलं. कुठं टिकलं आणि का, हे पाहण्यासारखं आहे.

मुळातली गोष्ट सगळीकडं सांगितली जाते ती थोडक्यात अशी. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला. 1991 च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचं कळवलं. दोन्हींचा संगम झाला. भारतात ती घरोघर नेली इंग्रजी मासिकांनी. ‘पीसी क्वेस्ट’नं नव्वदच्या दशकातच अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली होती, आणि 2003 च्या फेब्रुवारीत ‘लिनक्स फॉर यू’ हे त्याच विषयाला वाहिलेलं मासिक निघालं. पुण्यात लिनक्स यूझर्स ग्रुप होता, त्याच्या बैठका सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरत. रेड हॅट या लिनक्स कंपनीचं मोठं अभियांत्रिकी केंद्रही पुण्यातच. बारामती तिथून शंभर किलोमीटर, इंदापूर त्याहून आणखी चाळीसेक. एवढं अंतर कापून लिनक्स यायचं ते स्वारगेटच्या एसटीत बसलेल्या एखाद्या पोराच्या दप्तरातून, तापकीर गल्लीत घेतलेल्या रॅमच्या पट्टीशेजारी ठेवलेल्या मासिकाच्या सीडीत.

पण आवडीनं आणणारी अशी पोरं बोटावर मोजण्याइतकी. बाकीच्यांच्या आयुष्यात लिनक्स आलं ते अभ्यासक्रमातून. पुणे विद्यापीठाच्या बीसीएसला प्रात्यक्षिकं लिनक्सवर होती. सी भाषा जीसीसी या कंपायलरवर, डेटाबेस पोस्टग्रेसवर. पुढं अभियांत्रिकीच्या 2012 च्या अभ्यासक्रमात प्रयोगशाळेसाठी ‘64 बिट मुक्त स्रोत लिनक्स’ अशी शिफारसच छापून आली. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय 2000 पासूनचं, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय तर 1962 चं. त्यामुळं दरवर्षी या गावात शेकड्यानं मुलं आयुष्यात पहिल्यांदा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करायला बसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, सी ड्राइव्ह कुठं गेला?’

दुसरी अडचण टर्बो सीची. आधी गल्लीतल्या क्लासमध्ये सी शिकलेली मुलं निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर वाढलेली. प्रोग्रॅमच्या वरती कोनियो डॉट एच, आत सीएलआरएससीआर, शेवटी गेटसीएच, हे त्रिकूट त्यांच्या हाताला श्लोकासारखं बसलेलं. जीसीसीला यातलं काहीच ठाऊक नाही. प्रोग्रॅम चालवला की चुकांची रांग. मग मुलं समजायची, लिनक्सवर सी चालत नाही. खरं तर सी ही भाषा आणि युनिक्स ही प्रणाली एकाच प्रयोगशाळेत, एकमेकांच्या हाताशी घडलेली; टर्बो सी हा डॉसपुरता निघालेला एका कंपनीचा माल. हे समजावून सांगणारा शिक्षक भेटला तो वर्ग लिनक्सशी जमवून घ्यायचा. न भेटला तर मुलं लिनक्सवर डॉसबॉक्स बसवून त्यात टर्बो सी चालवत. हा उलटा उद्योग आमच्याकडं बराच काळ चालला, आणि त्यातलं डोकं पाहता पोरं हुशार होती याबद्दल शंका नको.

2004 च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू या नव्या लिनक्सची पहिली आवृत्ती आली आणि चित्र थोडं बदललं. उबुंटूच्या कंपनीची ‘शिपइट’ नावाची सोय होती. संकेतस्थळावर पत्ता भरला की काही आठवड्यांनी सीडी टपालानं घरी, एक पैसा न देता. पत्ता निमगाव केतकीचा असो की लंडनचा, पाकीट सारखंच. परदेशी पाकीट आलंय म्हटल्यावर पोस्टमन स्वतः थांबून काय आहे ते बघायचा. सीडी देखणी असे, सोबत स्टिकर असत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती बसवायची गरजच नव्हती. सीडीवरूनच संगणक सुरू व्हायचा. आवडलं नाही तर बाहेर काढायची, विंडोज जागच्या जागी. हॉस्टेलच्या खोल्यांमधून या सीडी फिरल्या. 2011 च्या एप्रिलमध्ये ही सोय बंद झाली. तोवर ब्रॉडबँड सगळीकडं पोचलं असेल असा कंपनीचा हिशेब असावा. तो इंदापूरला लागू नव्हता.

कारण बसवल्यानंतरचं काम इंटरनेटवर अवलंबून होतं. सीडीवर एमपी3 वाजवायची सोय नसे, पेटंटच्या भानगडीमुळं ती वेगळी उतरवून घ्यावी लागे. गाणंच वाजत नाही तो कॉम्प्युटर कसला, हा घरच्यांचा निकाल तिथल्या तिथं लागायचा. डायलअपचे स्वस्त अंतर्गत मॉडेम अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोडत, म्हणून लिनक्सला ते दिसतच नसत. बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड 2005 पासून आलं, त्याचा मॉडेम नेटवर्कच्या वायरीनं जोडला की चालायचा. पण ते आधी शहरात, मग तालुक्याला, खेड्यात कधी तरी. मग ज्याच्याकडं नेट आहे त्याच्या संगणकातल्या डेब, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायच्या, फायली पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या गावी जायचं, तिथं बसवताना कळायचं की अजून एक फाइल राहिली. भिगवण ते बारामती हा फेरा अशा एका राहिलेल्या फायलीसाठी पडायचा.

त्यात भारनियमन. 2005 नंतरची काही वर्षं खेड्यात दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास लाइट नसायची, आणि जायची ती सांगून नाही. यूपीएसची बॅटरी पहिल्या वर्षातच मान टाकायची. संगणक असा मधेच पडला की पुढच्या वेळी लिनक्स सुरू होताना डिस्क तपासायला घ्यायचं. ईएक्सटी3 या नोंदवही ठेवणाऱ्या फाइलव्यवस्थेमुळं हे बरंच सुसह्य होई, पण ठरावीक वेळा सुरू केल्यावर सक्तीची तपासणी व्हायचीच, आणि ती नेमकी लाइट यायच्या-जायच्या मधल्या तासात. टक्केवारी सत्तरवर असताना पुन्हा अंधार. ही गैरसोय फिनलंडमध्ये बसून कुणाच्या डोळ्यांसमोर आली असेल असं वाटत नाही.

लिनक्सला या भागात खरी इज्जत मिळवून दिली ती व्हायरसनं. 2006 ते 2010 हा पेनड्राइव्हच्या रोगराईचा काळ. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये ऑटोरन आणि फोल्डरचं सोंग घेतलेली ‘न्यू फोल्डर’ नावाची एक्सई फाइल. प्रोजेक्ट रिपोर्टच्या छपाईच्या दिवसांत फायली गायब, सगळं शॉर्टकट झालेलं. लिनक्सच्या संगणकात तोच पेनड्राइव्ह घातला की लपवलेल्या फायली सरळ दिसायच्या आणि घाण पुसून टाकता यायची. त्यामुळं ज्यांनी कधी लिनक्स वापरलं नाही असे दुकानदारही एक लाइव्ह सीडी ड्रॉवरमध्ये बाळगून असत. मशीन पार बसलं, विंडोज सुरूच होत नाही, तर त्या सीडीनं उघडून लग्नाचे फोटो वाचवायचे आणि मग पुन्हा विंडोज टाकून द्यायचं. ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला त्याचे फोटो कुणी वाचवले हे कधीच कळलं नाही.

मग घराघरांत आणि दुकानांत लिनक्स का टिकलं नाही? माझ्या मते दोन गोष्टींनी घात केला, आणि लिनक्सची अवघडता त्यांत नाही. एक टॅली. मार्केट यार्डातल्या आडत्यापासून पतसंस्थेपर्यंत हिशेब टॅलीत, आणि टॅली विंडोजवर. दुसरा फाँट. आमच्याकडं संगणकावर मराठी म्हणजे श्री-लिपी, आकृती, शिवाजी. लग्नपत्रिका, साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल, दशक्रियेची बातमी, सगळं त्यात. हे फाँट युनिकोडमधले नव्हेत. त्यांतला मजकूर दुसऱ्या संगणकावर न्यायचा तर तोच फाँट आणि तोच कीबोर्डचा चालक हवा, आणि ते विंडोजसाठीच बनलेले. लिनक्समध्ये मात्र मराठी म्हणजे युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड. तांत्रिकदृष्ट्या लिनक्स पुढं होतं, आणि म्हणूनच डीटीपीवाल्याच्या उपयोगाचं नव्हतं. शिवाय युनिकोड मराठीची त्या काळातली अवस्थाही धड नव्हती. रेड हॅटनं 2004 मध्ये लोहित फाँट खुले केले, पण ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द लिहायला घेतले की तो चंद्रकोरीसारखा र कुठं तरी भलतीकडंच जाऊन बसे. वीस वर्षं टायपिंग केलेल्या माणसाला हे दाखवून ‘हेच भविष्य आहे’ असं सांगणं अवघड होतं.

मेन्यूही मराठीत आले. पुण्यातल्या स्वयंसेवकांनी आणि रेड हॅटच्या भाषांतरकारांनी लिनक्सच्या नोम या डेस्कटॉपचं मराठीकरण केलं. सी-डॅकनं 2007 मध्ये बॉस लिनक्स काढलं, त्यातही मराठी होती. मेहनतीचं काम होतं, पण ज्यांच्यासाठी केलं ते एमएस-सीआयटी करून आलेले. 2001 साली सुरू झालेल्या त्या अभ्यासक्रमानं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत संगणक नेला हे कबूल करायलाच हवं. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक सगळे त्याच दारातून आत आले. आत मात्र विंडोज आणि ऑफिस. प्रमाणपत्र त्यावर, परीक्षा त्यावर, सवय त्यावर.

या सगळ्यात एक जागा अशी निघाली जिथं लिनक्स आलं आणि गेलं नाही: न्यायालय. ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू स्वीकारलं गेलं. न्यायाधीशांना दिलेल्या लॅपटॉपवर उबुंटू, आणि ते वापरायचं रीतसर प्रशिक्षण. खटल्यांच्या नोंदीचं सीआयएस हे सॉफ्टवेअर एनआयसीच्या पुणे केंद्रानं तयार केलं, तेही मुक्त स्रोत साधनांवर. त्यामुळं बारामतीचं सत्र न्यायालय असो की इंदापूरचं दिवाणी, पुढची तारीख चढते ती या व्यवस्थेत, आणि पक्षकाराला ती आता इंटरनेटवर, वकिलाला न विचारता बघता येते. शेताच्या बांधाच्या भांडणात दहा वर्षं तालुक्याला खेटे घालणारा माणूस अशा रीतीनं नकळत लिनक्सचा लाभार्थी झाला. इथं ते का टिकलं? वरून आदेश होता, शिकवणारी माणसं नेमलेली होती, बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा हे ठरलेलं होतं. टायपिंगच्या जुन्या सवयींची कुरबुर न्यायालयातही झालीच. फरक एवढाच की तिथं ‘राहू द्या, विंडोज टाकून द्या’ असं म्हणायची सोय नव्हती.

महाविद्यालयांतही साधारण तसंच झालं, अभ्यासक्रमाच्या सक्तीनं लिनक्स टिकलं. आयआयटी मुंबईच्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारातून तयार झालेली स्पोकन ट्यूटोरियल्स मराठी आवाजातही आली, तेव्हा शिक्षकाच्या भरवशाचा प्रश्न थोडा हलका झाला. दरम्यान उबुंटूनं 2011 मध्ये आपला चेहराच बदलून युनिटी हे नवं डेस्कटॉप आणलं आणि सहा वर्षांनी तेही टाकलं. जुळवून घेत आलेल्यांचा त्यात दोनदा हिरमोड झाला. 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा आधार संपला, तेव्हा आता लिनक्सचे दिवस येतील असं आमच्यातल्या काहींना वाटलं होतं. लोकांनी विंडोज 7 टाकून घेतलं, त्याच दुकानातून, तसंच बिलाविना. आणि खिशात मात्र अँड्रॉइड आला, ज्याचा गाभा लिनक्सच आहे.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चीही मुदत संपली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. पतसंस्थांत, शाळांत, सेतू केंद्रांत आहेत ती मशीनं बहुतेक त्याहून जुनी. एसएसडी घालून लिनक्स मिंट टाकलं तर ती आणखी काही वर्षं सहज चालतात. सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, न्यायालयाच्या तारखा सगळं आता ब्राउझरमध्ये उघडतं, एके काळी इंटरनेट एक्सप्लोररच मागणाऱ्या सरकारी पानांचा हट्टही सुटलाय, आणि मराठी टाइप करायला युनिकोडच वापरतात. फाँटची ती जुनी भिंत पडली. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टचा उसातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर चालतो, जगभर गाजतोय. त्याच अझूरवर निम्म्याहून जास्त भार लिनक्सचाच असतो, हे त्या कंपनीनंच सांगितलंय.

सेतू केंद्रवाल्याला हे सगळं पटवून दिलं की तो ऐकून घेतो आणि टेबलावरच्या आधारच्या अंगठ्याच्या यंत्राकडं बोट दाखवतो. त्याचा ड्रायव्हर विंडोजचा. शेजारी डिजिटल सहीचं टोकन, त्याचंही तेच, आणि ज्यानं ते विकलं त्याला लिनक्सचं विचारलं तर तो आधी हसतो.