सही करण्याआधी: लेकीचा वाटा आणि सर्वोच्च न्यायालय

वडील गेले, दिवसकार्य उरकलं की माहेरी एक कागद पुढे येतो. "ताई, इथं सही कर, सातबाऱ्यासाठी लागते." बहीण न वाचता सही करते. तो कागद बहुतेकदा हक्कसोडपत्राचा असतो. म्हणून आज लेकीच्या वाट्याबद्दल बोलू.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतः हक्क होता, मुलीला नव्हता. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना तो दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर नवी दुरुस्ती लागू झाली. लग्न झालेलं असो वा नसो, लेक मुलाइतकीच वाटेकरी ठरली.

मग प्रश्न आला: वडील २००५ च्या आधीच वारले असतील तर? इथे न्यायाधीशांचीच मतं वेगळी पडली. २०१५ साली फुलवती खटल्यात दोन न्यायाधीशांनी सांगितलं, त्या तारखेला वडील आणि लेक दोघंही हयात हवेत. २०१८ साली दानम्मा खटल्यात वडील २००१ मध्येच वारले होते, तरी दुसऱ्या दोन न्यायाधीशांनी लेकींना वाटा दिला. दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाचे. खालच्या कोर्टांनी कुठला मानायचा?

हा गुंता सोडवायला तीन न्यायाधीश बसले: अरुण मिश्रा, अब्दुल नझीर आणि एम. आर. शहा. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात त्यांनी निकाल दिला. त्यांचा मुद्दा साधा होता. हक्क जन्माने मिळतो, वडिलांच्या मरणाने नाही. म्हणून २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. तिघांचा निकाल दोघांच्या निकालापेक्षा वरचढ, त्यामुळे आता हाच चालतो.

याला मर्यादाही आहेत. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटणी झाली असेल, तर ती मोडत नाही. "आमची तोंडी वाटणी झाली होती" एवढं नुसतं म्हणणं मात्र सहसा पुरत नाही. तसा भक्कम सरकारी पुरावा लागतो. वडिलांनी स्वकमाईने घेतलेली जमीन ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. आणि हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे.

मग करायचं काय? सातबारा आणि फेरफार काढून बघा. वारस नोंदीत आपलं नाव आहे का ते पाहा. तलाठ्याची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्या. कुठलाही कागद आधी गटातल्या शिकलेल्या बाईकडून मोठ्याने वाचून घ्या. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

भावाला वाटा सोडायचा असेल तर जरूर सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण काय सोडतोय ते माहीत असू द्या. माहेर तुटेल ही भीती खरी आहे, मैत्रिणींनो. म्हणून भांडायला नको, आधी विचारायला शिका: "दादा, यात काय लिहिलंय?"