पळपुट्या पोराच्या हातावरचे वण

१७२७ साली लंडनच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. वेस्टमिन्स्टर शाळेतला एक मुलगा पळून गेला आहे, शोधून देणाऱ्याला बक्षीस. खूण काय, तर दोन्ही हातांवर, मनगटाच्या दोन-तीन इंच वर, चांदीच्या पेनीहूनही लहान असा एकेक गोल वण. पोरगं उनाडच होतं, पण वणांना इतिहास होता. नऊ वर्षांपूर्वी इस्तंबूलमध्ये, आईच्या हट्टापायी, ते त्याच्या हातावर उमटले होते.

ही आई म्हणजे लेडी मेरी वर्टली माँटेग्यू. जन्म १६८९चा, बाप बडा उमराव. मुलींना लॅटिन शिकवायची रीत नव्हती, म्हणून बापाच्या ग्रंथसंग्रहात बसून ती आपली आपणच शिकली. बापाने ठरवलेलं स्थळ टाळण्यासाठी १७१२ मध्ये एडवर्ड वर्टली माँटेग्यूबरोबर पळून गेली. (पोराने हा गुण कुठून उचलला, ते वेगळं सांगायला नको.) दरबारी वर्तुळात तिचं रूप आणि तिची तिखट जीभ, दोन्हींचा बोलबाला होता. कवी अलेक्झांडर पोप आधी तिच्यावर लुब्ध झाला, पुढे तोच तिचा हाडवैरी बनला. १७१३ मध्ये तिचा भाऊ देवीने गेला. १७१५ सरता सरता देवीने तिलाच गाठलं. जीव वाचला, पण चेहऱ्यावर वण राहिले आणि पापण्यांचे केस कायमचे गेले.

पुढच्याच वर्षी नवऱ्याची तुर्की दरबारात राजदूत म्हणून नेमणूक झाली. लहान मुलाला घेऊन मेरीही निघाली. वाटेत सोफियाच्या हमामात तिथल्या बायकांनी तिची घट्ट आवळलेली काचोळी पाहिली आणि नवऱ्याने बायकोला पिंजऱ्यातच कोंडून ठेवलंय, असं त्यांना वाटलं. मेरीने हे मिटक्या मारत लिहून ठेवलं आहे. परक्या माणसांकडे पाहताना नाक मुरडायचं नाही, ही तिची खरी कमाई.

१ एप्रिल १७१७ला तिने एदिर्नेहून सेरा चिझवेल या मैत्रिणीला जे पत्र लिहिलं, ते वाचून आजही थक्क व्हायला होतं. उन्हाळा सरला की पंधरा-सोळा घरची मंडळी एकत्र जमतात. एक म्हातारी येते. तिच्या हातात अक्रोडासारख्या फळाचं कवच असतं आणि त्यात देवीच्या फोडातला पू. कुठली शीर उघडायची ते ती विचारते, मोठ्या सुईने ओरखडा काढते, सुईच्या टोकावर मावेल एवढाच पू आत सोडते आणि वर रिकाम्या शिंपल्याचा तुकडा बांधते. मुलं आठवडाभर खेळत राहतात, मग ताप येतो, दोन-तीन दिवस अंथरूण. त्यानंतर पुन्हा ठणठणीत, आणि देवीची धास्ती जन्मभराची मिटली!

रोगाचंच विष देऊन रोग टळावा, हे घडतं कसं? नेहमी देवीचा विषाणू श्वासावाटे आत शिरे आणि शरीर सावध होण्याआधीच सगळीकडे पसरे. कातडीतून, तेही चिमूटभर शिरला, की तो आधी तिथेच रेंगाळतो आणि शरीराला तयारीला सवड मिळते. धोका मात्र होताच. टोचलेल्यांपैकी थोडे दगावत आणि बाकीचे इतरांना खरी देवी देऊ शकत.

हा शोध मेरीचा नव्हे. चीनमध्ये, बंगालमध्ये, आफ्रिकेत असं टोचणं चालतच होतं. इस्तंबूलमधल्या इमॅन्युएल टिमोनी या डॉक्टरने लिहिलेला वृत्तांत रॉयल सोसायटीने १७१४ मध्येच छापला होता. विद्वानांनी वाचला आणि बाजूला ठेवला. मेरीने मात्र १७१८च्या मार्चमध्ये नवरा बाहेरगावी असताना मुलाला टोचून घेतलं. एका हाताला म्हाताऱ्या ग्रीक बाईने टोचलं, दुसऱ्या हाताला वकिलातीतल्या चार्ल्स मेटलंड या सर्जनने. १७२१ मध्ये लंडनला देवीची साथ आली, तेव्हा तिने मेटलंडला बोलावून तीन वर्षांच्या मुलीलाही टोचायला लावलं, तेही डॉक्टरांच्या देखत. जे निबंधाला जमलं नाही, ते दिवाणखान्यातल्या गप्पांनी केलं. बातमी युवराज्ञी कॅरोलाइनपर्यंत गेली. ऑगस्टमध्ये न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांवर प्रयोग झाला. सहाही जगले आणि सुटले. १७२२ मध्ये दोन राजकन्यांना टोचलं गेलं. रॉयल सोसायटीच्या जेम्स जुरिनने आकडे जमवले: देवी आपोआप आली तर सहा-सातांत एक दगावे, टोचून घेतल्यास सुमारे पन्नासात एक.

इंग्रज डॉक्टरांनी म्हातारीच्या सुईची जागा खोल चिरेला दिली. वर उपास, जुलाब आणि रक्त काढणं. मेरीने तुर्कस्तानशी व्यापार करणारा व्यापारी बनून निनावी लेखात त्यांची हजेरी घेतली. ते ऐकतात कसले! याच छळातून गेलेला एक पोर पुढे एडवर्ड जेनर म्हणून प्रसिद्ध झाला. १७९६ मध्ये त्याने माणसाऐवजी गाईच्या देवीचं विष वापरलं. ती लस व्हिएन्ना, इस्तंबूल, बगदाद, बसरा असे टप्पे घेत मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ला अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली.

सेरा चिझवेलने काही टोचून घेतलं नाही. १७२६ मध्ये ती देवीनेच गेली. मेरी १७६२ मध्ये वारली. तुर्कस्तानातल्या पत्रांची वही तिने आदल्या वर्षी रॉटरडॅमच्या एका पाद्र्याच्या हवाली केली होती, म्हणून ती १७६३ मध्ये छापून आली. घरी राहिलेल्या रोजनिशीचं नशीब एवढं थोर नव्हतं. ती मुलीच्या ताब्यात गेली. मुलगी म्हणजे डॉक्टरांच्या देखत टोचून घेतलेली तीच चिमुरडी, आता पंतप्रधान बूट यांची पत्नी. आईच्या लिखाणाने घराण्याची अब्रू जाईल या भीतीने तिने ती रोजनिशी जाळून टाकली.