माहेरी ठणठणीत

गेल्या पौषात आमच्या नांदेडच्या घरातल्या संगणकाला भोवळ येऊ लागली. चालता चालता पडदा एकाएकी काळा व्हायचा, आतला पंखा थांबायचा, आणि क्षणभरात स्वारी काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू!

एरवी मी हसण्यावारी नेले असते. पण आई तेव्हा माझ्याकडे आली होती. वय ८३. ती जात्यावरच्या ओव्या सांगे आणि मी थेट संगणकात उतरवून घेई. मराठी शिकवणाऱ्या बाईने वही का धरली नाही, असे वाचक विचारतील. विचारा, माझ्यापाशी उत्तर नाही. एका संध्याकाळी अकरा ओव्या झाल्या, मी त्या साठवणार एवढ्यात पडदा काळा! अकराच्या अकरा गेल्या.

"आई, पुन्हा सांग ना."

"आता कुठल्या गं बाई? दळण सरलं की ओवी सरली."

रथसप्तमी होताच आई लातूरला भावाकडे परतली.

मग दुरुस्ती. पहिल्या कारागिराने मेमरीची पट्टी बदलली, पैसे घेतले, भोवळ कायम. दुसरा म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे काय, ते यांनी मला समजावले: पाटी पुसून कोरी करायची. आधीच्या दोनशेवर ओव्या त्या पाटीवर होत्या! मी डबा उचलून घरी आणला आणि पहिले काम केले ते सगळ्या ओव्या पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याचे. ज्यांच्या घरी असा रोगी असेल त्यांनी दुसरे काहीही करण्याआधी हे करावे.

मे महिन्याच्या सुटीत तो डबा गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी एस.टी.ने निघाले. लोहा, अहमदपूर करीत लातूर येईपर्यंत पाय बधिर झाले. भाचा इंजिनियरिंगला आहे. त्याने लगेच स्क्रू काढले नाहीत, हे मला आवडले. तो म्हणाला, "आत्या, आधी हा कधी पडतो ते बघू."

विंडोजमध्ये मोठी चूक घडली की यंत्राने आपोआप पुन्हा सुरू व्हावे अशी सोय असते. तिथली बरोबरची खूण काढली की निळा पडदा तसाच थांबतो आणि चुकीचे नाव वाचता येते. त्याने ती खूण काढली. शिवाय 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाचे रोजनामचे असते, ते उघडले. जागोजाग एकच नोंद: 'कर्नल पॉवर ४१'. मला वाटले, सापडला रोग! पण त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. पोलिसांच्या पंचनाम्यासारखे: इसम पडलेला आढळला. कोणी पाडला, ते नाही.

उष्णतेचाही संशय घेऊन झाला. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद पाडतो. भाच्याने ब्रशाने मूठभर धूळ काढली. पण आमची भोवळ तर पौषातल्या थंडीतली! शिवाय लातुरात वैशाखाच्या उन्हातही यंत्र आठ दिवस एकदाही पडले नाही. आई म्हणाली, "लेक माहेरी आली की बरीच असती."

हसलो सगळे, पण भाचा त्या रोजनाम्यातल्या वेळा कागदावर मांडू लागला. बहुतेक सगळ्या दिवसाआड, संध्याकाळी सहा ते साडेसात.

"आत्या, तुमच्याकडं दिवसाआड संध्याकाळी काय असतं?"

"नळाला पाणी!" मी ओरडलेच.

२०१६ साली ज्या शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तिथल्या पोराला पाण्याच्या वेळेचे महत्त्व शिकवावे लागत नाही. पाणी आले की आमच्या इमारतीतल्या मोटारी एकदम सुरू होतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते; दिवे मंदावतात ते त्यामुळे. दिवा मंदावून सावरतो, संगणकाला तेवढी सवड नसते. त्याला वीज पुरवणाऱ्या पेटीत साठा असतो तो सेकंदाच्या हजार भागांपैकी सोळा-सतरा भागांपुरता, आणि आपल्या विजेचे एक आवर्तनच वीस भागांचे! भावाकडेही मोटार आहे, पण तिची तार वेगळी.

मग आमचा यूपीएस काय करीत होता? हिरवा दिवा लावून बसला होता. त्याची बॅटरी पाच वर्षांची. अशा बॅटऱ्या साधारण तीन-चार वर्षे टिकतात. वीज मंदावली की तो मोठ्या तत्परतेने संगणक बॅटरीवर घेई आणि बॅटरीत काहीच नसे. म्हणजे रखवालदारच दार उघडून देत होता! परीक्षा सोपी आहे. यूपीएसला संगणकाऐवजी टेबलावरचा दिवा जोडावा आणि भिंतीतले बटण बंद करावे. आमचा दिवा तात्काळ विझला.

नांदेडला परतल्यावर वायरमनने भिंतीतला सॉकेट उघडला. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, भोवतीचे प्लॅस्टिक काळे पडलेले. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. गोष्ट नुसत्या संगणकावर भागली होती हे नशीब. सॉकेट बदलला, मोटारीची तार वेगळी केली, यूपीएसला नवी बॅटरी घातली. कारागिराने बदललेल्या मेमरीच्या पट्टीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

लातूरच्या आठ दिवसांत आईने गेलेल्या अकरांतल्या सात ओव्या परत दिल्या. शब्द थोडे बदललेले; एकीत तर भाऊरायाच्या जागी भाचा आला, कारण तो समोरच स्क्रू पिळीत बसला होता. चार काही केल्या येईनात.

परवा संध्याकाळी पाणी आले. दिवे मंदावले, यूपीएस दोनदा टुकटुकला, पडदा जागचा हलला नाही. इतक्यात लातूरहून फोन. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, आईंना आणखी एक आठवली, लवकर घ्या."

मी संगणक तसाच सोडला आणि वही शोधू लागले.