किमान वेतन वाढलं की नोकऱ्या जातातच का? एका पक्क्या मताला बसलेला धक्का

‘सरकारने पगार वाढवायला लावले, तर मालक माणसं कमी करणार.’ हे तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. कांदा महागला की आपण कमी घेतो, तसंच कामगार महागला की मालक कमी ठेवतो. हिशोब सरळ वाटतो. तीसेक वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक अर्थतज्ज्ञांनाही तो सरळच वाटत होता.

आपलं मत कुणी खोडून काढलं की राग येतो. पण त्यातून हाती काय लागतं, ते या वादात चांगलं दिसतं.

नेमकं काय झालं?

१ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ वरच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्ट फूड दुकानांकडे वाढीच्या आधी आणि नंतर चौकशी केली.

शेजारचं राज्य कशाला हवं? कारण तेव्हा मंदी होती. फक्त न्यू जर्सीत पाहिलं असतं, तर मंदीने गेलेली नोकरीही पगारवाढीच्या खात्यात जमा झाली असती. मंदी दोन्हीकडे होती, वाढ एकाच बाजूला.

न्यू जर्सीतल्या नोकऱ्या तुलनेने घटल्या नव्हत्या. १९९४ मध्ये हे छापून आलं आणि मोठा गदारोळ झाला.

टीका फुकट गेली का?

अजिबात नाही. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांचा आक्षेप होता की फोनवर विचारलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. त्यांनी दुकानांच्या पगारपत्रकांचे आकडे गोळा केले, त्यात घट दिसली. मग कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारी नोंदी तपासून २००० मध्ये उत्तर दिलं. फारसा परिणाम नाही, हा निष्कर्ष टिकला, आणि आता त्यामागे जास्त भक्कम आकडे होते. माझ्या मते या वादातला सर्वांत मोलाचा भाग हाच. विरोधक नसते तर फोनवरच्या उत्तरांवरच सगळं थांबलं असतं.

प्रश्नही बदलला. ‘नोकऱ्या जातात की नाही?’ याऐवजी ‘वाढ किती, कुठे, आणि तिथे काम देणारे किती जण आहेत?’ असं विचारलं जाऊ लागलं. गावात एकच कारखाना असेल तर मालक पगार दाबून ठेवू शकतो. तिथे थोडी सक्तीची वाढ झाली तरी माणसं कमी होतीलच असं नाही.

पण ‘पगार कितीही वाढवा, काही बिघडत नाही’ म्हणणाऱ्यांनीही खूश होऊ नये. ही वाढ सुमारे १९ टक्क्यांची होती. दुप्पट केल्यावर काय होईल, हे त्यातून कळत नाही. वाद अजूनही मिटलेला नाही.

या अभ्यासामुळे आपण बरेच मित्र गमावले, असं कार्ड यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं. २०२१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. क्रूगर २०१९ मध्येच वारले होते आणि हा पुरस्कार मरणोत्तर देत नाहीत.