लेझर झालं, आता हिरडीला हात लावू नका

हिमायतनगर म्हटलं की नांदेडच्या नातेवाइकांना त्यांच्या जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आठवतं. आमचं हिमायतनगर हैदराबादचं. लिबर्टीच्या चौकापासून नारायणगुड्याकडे निघालात की खाली टिफिन सेंटर आणि वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना, अशी जोडी ठिकठिकाणी दिसते. अशाच एका दवाखान्यात गेल्या वर्षी माझ्या हिरड्यांवर लेझर झालं. उपचाराला लागला तासभर, निस्तरायला तीन महिने. त्या तासाभराची माहिती देणारं रंगीत पत्रक मिळालं होतं. तीन महिन्यांसाठी मिळाल्या प्रिस्क्रिप्शनच्या मागे खरडलेल्या चार ओळी. त्या ओळींमागची कारणं मला नंतर विचारून, वाचून आणि थोडं चुकून कळली.

हिरडीत नेमकं काय केलेलं असतं

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. किटण साचून हिरडी सुजली की ती दातापासून सुटू लागते, फट ५-६ मिलिमीटरपर्यंत जाते आणि तिथवर ब्रश पोचत नाही. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात, दुखण्याला आपण पायरिया म्हणतो. जगात १०० कोटींहून जास्त लोकांना तो गंभीर स्वरूपात आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे. बऱ्याच जणांचं दात हलायला लागेपर्यंत काही दुखतच नाही, हीच त्याची खरी लबाडी.

लेझरचा बारीक तंतू त्या फटीत घालून आतलं रोगट अस्तर आणि जंतू नष्ट करतात. मुळावरचं किटण मात्र स्केलिंगच्या यंत्रानंच खरवडावं लागतं, त्यामुळे लेझर केलं म्हणजे खरवडणं टळलं असं नाही. अमेरिकेतल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा नेहमीच्या खोल सफाईच्या तुलनेत लेझरचा जादा फायदा माफकच दिसला. पैसे भरून आल्यावर हे वाचून हळहळण्यात अर्थ नाही. कोणत्याही पद्धतीनं केलं तरी पुढचं काम शरीराचंच असतं.

तुमचं लेझर कोणतं, हे मात्र विचारून या. आपल्याकडे सर्रास दिसतं ते डायोड लेझर. ते सफाईला जोड म्हणून वापरतात आणि नंतरची पथ्यं बेताची असतात. दुसरं एनडी-यॅग. त्याच्या ‘लॅनॅप’ या पद्धतीला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. त्यात शेवटी फटीतल्या रक्ताची गुठळी करून तिनंच फट बंद करतात, म्हणून पथ्यं कडक असतात. माझ्या मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी मऊ ब्रश फिरवायला सांगितलं होतं, मला आठवडाभर त्या बाजूला ब्रश लावायला बंदी. दोघींचेही डॉक्टर बरोबर होते. शेजारणीचा कागद वाचून आपली पथ्यं ठरवू नयेत ती याचसाठी.

पहिली संध्याकाळ

भूल उतरायला दोन ते चार तास लागतात. तोवर गरम काही पिऊ नका. मी घरी आल्याबरोबर चहा घेतला. ओठ बधिर, त्यामुळे घोट तोंडात गेला की नाही हे कळलं ते पदर भिजल्यावर. चहा कोमट होता म्हणून निभावलं. बधिरपणात गाल चावला जातो तो वेगळाच.

पहिल्या दिवशी बाहेरून गालाला बर्फ लावायचा: फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, मग तेवढाच वेळ काढायचा. थुंकी गुलाबी येणं साहजिक आहे. जोरात थुंकू नका, स्ट्रॉनं काही ओढून पिऊ नका. दोन्हींनी गुठळी सुटू शकते. खळखळून चूळही त्या दिवशी नको. इंदिरा पार्कातल्या फेऱ्यांना मी दोन दिवस सुटी दिली, कारण धापा टाकणाऱ्या व्यायामानं पुन्हा रक्त येऊ शकतं. दुखण्यावर बहुतेकांना पॅरासिटामॉल पुरते. मनानं ॲस्पिरिन घेऊ नका, तिनं रक्त जास्त येतं.

तो पांढरा पापुद्रा

तिसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर ओठ उलटा करून पाहिला आणि पोटात गोळा आला. हिरडीच्या कडेनं करडा-पांढरा, सायीसारखा थर होता. सासूबाई नांदेडहून आलेल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि निकाल दिला: “अगं, पू झालाय. कापसानं पुसून काढ आणि लवंगेचं तेल लाव.” कापूस हातात घेतलाही होता. मग दवाखान्यात फोन केला.

तो पू नव्हता. गुडघा खरचटला की खपली धरते. तोंड सतत ओलं असल्यामुळे तिथली खपली वाळून काळी न होता अशी पांढरट, मऊ राहते. तिच्याखाली नवी त्वचा सरकत असते. ती पुसली की जखम पुन्हा पहिल्या दिवसावर. आठ-दहा दिवसांत ती आपोआप निघून जाते. पू असेल तर हिरडी दाबल्यावर पिवळट स्राव येतो, तोंडाला घाण चव येते आणि दुखणं दिवसागणिक वाढतं.

घरच्या उपायांबद्दल माझं मत सांगते. मोहरीचं तेल आणि मीठ चोळणं, लवंग दाबून धरणं, हळद लावणं यांतलं सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. पण भरून येणाऱ्या हिरडीवर चोळणं वाईट, मग चोळायचं काहीही असो. हात फारच शिवशिवत असतील तर दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात धरावं, डोकं हळूच या बाजूला त्या बाजूला कलवावं आणि पाणी बेसिनमध्ये गळू द्यावं. सासूबाईंना हा प्रकार अखेरपर्यंत पटला नाही.

खायचं काय

माझ्या कागदावर ‘३ दिवस पातळ, पुढे आठवडाभर मऊ’ असं होतं. या शहरात ते जड जात नाही. खालच्या मजल्यावरच्या आंटी रोज सकाळी स्टीलच्या ग्लासात रागी जावा पाठवायच्या, म्हणजे ताक घातलेली आपली नाचणीची आंबील. थंड, बिनतिखट, बिनकण्यांची. चौथ्या दिवसापासून गुरगुट्या भात आणि मेतकूट, मुगाची खिचडी, सांबारात पूर्ण भिजवलेली इडली. सांबार कोमट आणि मिरची काढून.

वर्ज्य गोष्टींत कडक पदार्थ सगळ्यांच्या लक्षात येतात, बारीक कण येत नाहीत. तीळ, खसखस, चटणीतली मोहरी, दाण्याचं कूट, पेरूच्या बिया हे सगळं नेमकं त्या फटीत जाऊन बसतं. उस्मानिया बिस्किट चहात बुडवलं की मऊ होतं, हे खरं, पण त्याचा भुगा होतो. रमजान असेल तर हलीम मऊच असते असं मनाला समजावू नका. तिच्यातली मिरची आणि वरचा कुरकुरीत कांदा ओल्या हिरडीला सोसत नाही.

ब्रश, चूळ आणि तपकिरी दात

ज्या बाजूला उपचार झाला नाही तिथं रोजच्यासारखा ब्रश चालू ठेवा. हे लोक हमखास विसरतात. उपचाराच्या बाजूला ब्रशची जागा काही दिवस औषधी चूळ घेते. बहुधा ती क्लोरहेक्झिडिनची असते, आपल्याकडे ०.२ टक्के, दिवसातून दोनदा. टूथपेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यानं तिचा जोर कमी होतो, म्हणून ब्रश आणि चूळ यांत अर्धा तास जाऊ द्या. चूळ भरल्यावर लगेच पाण्यानं तोंड धुऊ नका.

आठवडाभरात दातांवर तपकिरी छटा येते आणि जेवण अळणी लागतं. आमच्याकडे दोन दिवस वरणात मीठ जास्त पडलं, ते यामुळे. चहानं डाग आणखी गडद होतात. घाबरायचं कारण नाही, पॉलिश केल्यावर ते जातात, आणि चूळ बंद झाली की चवही परत येते. पण सांगितलेली मुदत संपल्यावरही ती बाटली चालू ठेवू नका.

सूज उतरली की हिरडी थोडी वर सरकलेली दिसते. दात लांब वाटतात, मधल्या फटी उघड्या पडतात, गार पाण्यानं कळ येते. ‘उपचारानं दात उघडे पाडले’ अशी तक्रार इथूनच सुरू होते. खरं तर आधी तिथं सूज होती, ती गेली. कळेसाठी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट मिळते. तिचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात.

साखर, रक्त पातळ करणारी गोळी, तंबाखू

मधुमेह असलेल्यांच्या जखमा उशिरा भरतात, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखरही आटोक्यात येत नाही. पेजेवर असताना गोळी किंवा इन्शुलिन नेहमीइतकंच घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. आपल्या फिजिशियनला आधीच विचारून ठेवा. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती दातांसाठी परस्पर बंद करू नका. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांच्यातलं निकोटिन हिरडीचा रक्तपुरवठा आवळतं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं आणि त्यांना वाटतं, आपलं बरं चाललंय.

फोन कधी करायचा

ओल्या गॉजची घडी वीस मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबलं नाही तर. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्याऐवजी वाढली तर. ताप आला, तोंड उघडेना किंवा औषधानं अंगावर पुरळ उठलं तर. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास झाला तर फोन करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. दात पहिले काही आठवडे किंचित हलू शकतो, पण चावताना तो आधी टेकतोय असं वाटलं तर सांगा. घासून चाव जुळवता येतो.

तीन महिन्यांनी

खूण केलेल्या बोथट सुईनं पॉकेट मोजायची घाई डॉक्टर करत नाहीत, कारण नव्यानं धरू लागलेली हिरडी तिनंच सुटू शकते. साधारण तीन महिन्यांनी मोजतात, लॅनॅपमध्ये आणखी उशिरा. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टर इंग्रजीत आकडे सांगत होत्या आणि साहाय्यक मुलगी लिहीत होती: तीन, दोन, तीन. उपचाराआधी याच दातांना पाच, सहा, पाच होते. मी खुर्चीत मान न हलवता मोजत होते. डाव्या बाजूच्या शेवटच्या दाढेपाशी सुई थांबली. “फाइव्ह.” तिच्यासाठी एक चिमुकला बाटलीब्रश दिला आहे, रोज रात्री मागच्या फटीतून फिरवायला, आणि पुढची तारीख पुन्हा तीन महिन्यांनंतरची.