घराचे रूप राखून धूरसूचक व वायफाय कसे बसवावेत?

आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळशी जुनी घरे आजही जाड भिंतींची, लाकडी तुळयांची आणि कौलारू छपरांची आहेत. ती राखताना घरधन्याचा जीव मेटाकुटीला येतो, तरी ती राखली जातात, ही आनंदाची बाब आहे. अशा घरात नवे उपकरण बसवायचे म्हटले की पहिला प्रश्न निघतो तो शोभेचा. वायफायचा राउटर तरी कसाबसा आत आला. धूरसूचक यंत्र मात्र बहुतेक घरांत आलेलेच नाही, आणि 'छतावर ती पांढरी डबी बरी दिसत नाही' ही तक्रार आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. दोन्ही उपकरणे डोळ्यांत न खुपता बसवता येतात. परंतु काय लपवावे आणि काय लपवू नये, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

धूरसूचकाची गरज रात्री असते. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईलच, असे मानणे धोक्याचे आहे. धुरातील विषारी वायू त्याची शुद्ध हरपवतात आणि ज्वाळा दिसण्यापूर्वीच घात होतो. ज्या घरात वृद्ध आईवडील एकटेच राहतात व मुले आखातात किंवा परदेशी आहेत, तेथे तर या डबीचा कर्कश आवाज हाच एक शेजारी असतो. शिवाय आपल्या घरांत आल्तारासमोर मेणबत्ती तेवते, नाताळात गवताच्या गोठ्यात दिव्यांच्या माळा रात्रभर जळतात. हे सारे घराघरांतले आहे आणि ते बंद करा, असे आम्ही मुळीच सांगणार नाही.

जागा निवडताना धुराचा स्वभाव ध्यानी घ्यावा. धूर वर चढतो आणि छताखाली पसरतो. म्हणून यंत्र छताच्या मध्याजवळ असावे. अगदी कोपऱ्यात हवा खेळत नाही आणि धूर तेथे उशिरा पोहोचतो, म्हणून भिंतीपासून व दिव्यांपासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. उतरत्या छपराच्या खोलीत ते आढ्याजवळ, पण अगदी टोकाचे १० सेंटिमीटर सोडून बसवावे. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती पंख्याची. पंखा धूर उधळून लावतो, तेव्हा पात्याच्या टोकापासून किमान ९० सेंटिमीटर दूर राहावे. स्वयंपाकाच्या शेगडीपासून साधारण ३ मीटर अंतर असावे, नाहीतर फोडणीगणिक यंत्र कोकलेल आणि चार दिवसांत कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवील. बॅटरी काढलेले यंत्र हे यंत्र नसल्यापेक्षाही वाईट, कारण घरातील मंडळी निर्धास्त राहतात. छत न घातलेल्या कौलारू खोलीत धूर कौलांच्या फटींतून निसटतो, हेही विसरू नये. तेथे एका यंत्रावर विसंबू नये. झोपण्याच्या खोल्यांबाहेरील, छत असलेल्या जागेत दुसरे बसवावे.

आता शोभेकडे वळू. दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीवर चालणारी यंत्रे मिळतात. त्यांना वायर लागत नाही आणि भिंत फोडावी लागत नाही. एकमेकांशी बिनतारी जोडलेली यंत्रे घेतली, तर मागच्या पडवीत धूर झाला तरी माडीवरचे यंत्रही वाजते. लहान आकाराचे, छताच्या रंगाशी जुळणारे यंत्र निवडावे. तुळईच्या रेषेत बसवले की ते वेगळे उठून दिसत नाही. पण त्यावर रंग मात्र कधीही देऊ नये. धूर आत शिरण्याच्या बारीक फटी रंगाने बुजतात. तुळईमागे, पडद्याआड किंवा कपाटावर दडवणे हा तर अपघातालाच आवतण देण्याचा प्रकार. घर रंगवताना यंत्रावर पिशवी चढवली, तर काम संपताच ती काढावी.

मोठ्या ऐतिहासिक चर्चमध्ये याहून निराळी पद्धत वापरतात. छतात बारीक नळ्या टाकून त्यांच्या छोट्या छिद्रांतून हवा सतत शोषली जाते आणि दूरच्या पेटीत तपासली जाते. खालून पाहणाऱ्याला छिद्रेही सहसा दिसत नाहीत. तथापि १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये काय घडले, ते या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथील यंत्रणेने धूर ओळखून इशारा दिला, परंतु पाहणीस गेलेला माणूस चुकीच्या माळ्यावर पोहोचला. खरी जागा सापडेपर्यंत सुमारे अर्धा तास गेला आणि शतकानुशतकांचे लाकडी छप्पर जळून गेले. कॅथेड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. घरात हा प्रश्न सोपा आहे. कोणते यंत्र कोठे आहे आणि ते वाजल्यावर कोणत्या दाराने बाहेर पडायचे, हे लहानथोर सर्वांना आधीच सांगून ठेवावे.

वायफायचे गणित उलट आहे. धूरसूचक उघडा हवा, राउटर झाकला तरी चालतो. मात्र झाकण लाकडाचे किंवा वेताचे आणि हवा खेळणारे असावे. लोखंडी कपाट, आरसा, माशांची काचपेटी यांच्यामागे लहरी अडतात. जाड भिंतीही त्यांना दमवतात, म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवावा. पुष्कळ घरांत तो आल्ताराच्या फळीवर, संतांच्या तसबिरीशेजारी लुकलुकत असतो. कारण एवढेच की प्लग तेथे आहे! मेणबत्तीजवळ प्लास्टिक आणि वायरींचा गुंता नको, म्हणून तरी त्याला अन्यत्र हलवावे. फायबरची तार काचेची असते, ती काटकोनात दुमडू नये. वाशाच्या किंवा दाराच्या चौकटीच्या कडेने नेऊन भिंतीच्या रंगाची पट्टी लावली की ती नजरेआड होते.

काही धूरसूचके वायफायवरून मोबाइलवर संदेश पाठवतात. परदेशस्थ मुलांना हे सोयीचे वाटते. वीज गेली की राउटर बंद पडतो, तेव्हा तो इन्व्हर्टरवर घ्यावा. मात्र वायफाय असो वा नसो, यंत्राने घरात मोठ्याने वाजलेच पाहिजे. खरेदी करताना हे विचारून घ्यावे.

महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे आणि अधूनमधून जाळीवरील धूळ-कोळिष्टके काढावीत, कारण कीटक आत शिरले तरी यंत्र विनाकारण वाजते. दहा वर्षांनी संपूर्ण यंत्रच बदलावे. त्याच्या पाठीवर उत्पादनाचे वर्ष छापलेले असते. धूरसूचकाला स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळत नाही. तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्यासाठीचे वेगळे यंत्र खाली बसवावे लागते. गळतीची सूचना देण्यासाठी १९०६ आणि आगीसाठी १०१ किंवा ११२ हे क्रमांक दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.