ओटीपी कशासाठी आलाय, ते आधी वाचा

मोहर्ली आणि आजूबाजूच्या गावांत आम्ही बचत गटांच्या बैठका घेतो, तेव्हा हिशेब संपला की एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, मोबाइलवर लिंक आली आहे. दाबू का?" आज त्यावरच बोलू.

लाडकी बहीण योजनेचंच उदाहरण घ्या. 18 सप्टेंबर 2025 ला सरकारने या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. आधी दोन महिन्यांची मुदत दिली, मग ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. केवायसी राहिली तर महिन्याचे 1500 रुपये बंद होतील, ही धास्ती प्रत्येकीला होती. त्यात आपल्याकडे रेंजची बोंब. नेमक्या याच घाईत योजनेच्या नावाची बनावट संकेतस्थळं निघाली. चोराला आपली घाईच हवी असते. "आज रात्री खातं बंद होईल", "शेवटची संधी" असं लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबायचं.

आता ओटीपीचं बघू. 'ओटीपी कुणाला देऊ नका' हे आपल्याला पाठ झालं आहे. पण खऱ्या ई-केवायसीतही ओटीपी लागलाच की. आधी आपल्या आधारचा, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. म्हणून बायकांचा गोंधळ होतो. तर ओटीपी ही एका वेळेपुरती किल्ली आहे. ती कोणत्या कुलपाची, हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. नुसता आकडा बघू नका, पूर्ण मेसेज वाचा. इंग्रजी येत नसेल तर शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. त्यात रुपयांची रक्कम किंवा बँकेचं नाव असेल, तर ती किल्ली तुमच्या पैशाच्या पेटीची आहे. योजनेच्या केवायसीला ती लागत नाही. एटीएम कार्डाचा नंबर आणि पिनही लागत नाही. आणि फोनवरून ओटीपी विचारणारा कितीही गोड बोलला, तरी त्याला सांगायचा नाही.

आधारचा ओटीपी टाकण्याआधी संकेतस्थळाचा पत्ता बघा. पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत वाचा आणि त्याचा शेवट तपासा. महाराष्ट्र सरकारच्या या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'महाराष्ट्र', टिंब, 'जी-ओ-व्ही', टिंब, 'आय-एन' असा आहे. 'लाडकी बहीण' हे नाव पत्त्यात कुणीही घालू शकतो. 'जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन' हा शेवट मात्र फक्त सरकारी कामालाच मिळतो. मोहफुलं वेचायला जाताना आपण आधी वाटेवरचे ठसे बघतो ना? तसंच हे.

दुसरा धोका व्हॉट्सअॅपवरच्या फाइलचा. लग्नपत्रिका, गाडीचं चालान, पीएम किसानची यादी अशा नावाने फाइल येते आणि नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरं असतात. एपीके म्हणजे पत्रिका नाही, यादीही नाही, ते अॅप आहे. ते फोनमध्ये घातलं की आपले मेसेज वाचायची परवानगी मागतं. आपण 'हो' दाबलं की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. मग त्याला आपल्याला काही विचारावंच लागत नाही. ही फाइल ओळखीच्या नंबरवरूनही येते, कारण आधी त्यांचा फोन ताब्यात गेलेला असतो. म्हणून पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, मगच उघडा.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण पक्की लक्षात ठेवा. पैसे आपल्या खात्यात येताना पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

एवढं करूनही पैसे गेले तर? आधी 1930 या नंबरवर फोन करा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतो. तिथून ते काढून घेण्याआधी तक्रार पोचली, तर ते मधेच गोठवता येतात. म्हणून एकेक मिनिट मोलाचं. एपीके घातलं असेल तर फोनचा नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून 1930 लावा. बँकेचा मेसेज पुसू नका, त्यातला व्यवहार क्रमांक लागतो. लगेच बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, ओटीपी आपण दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील, ते नुकसान बँकेचं. आणि आपली किंवा बँकेची चूक नसताना पैसे गेले, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं की सगळं नुकसान बँक भरून देते.

पण आपल्या बायका कळवतच नाहीत. नवरा ओरडेल, सासू बोलेल, मोबाइल काढून घेतील, ही भीती. दोन दिवस रडण्यात जातात आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. घरच्यांनाही आमचं सांगणं आहे: तिला आधी फोन लावू द्या, बोलायचं ते नंतर बोला. घरी सांगायची हिंमत होत नसेल तर गटाच्या अध्यक्ष ताईंकडे किंवा बँक सखीकडे जा, पण त्याच घडीला जा. फसणं हा गुन्हा नाही, फसवणं हा गुन्हा आहे.

येत्या बैठकीत गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर 1930 मोठ्या अक्षरात लिहा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांनीही तो सेव्ह करून घ्या. आणि आलेली एखादी लिंक न दाबता सगळ्यांनी मिळून तिचा शेवट वाचून बघा. एकदा जमलं की जमलं.